पहिलीचा वर्ग आणि बी.एड.चे प्रमाणपत्र : एक प्रकरण

२०२३ चा सप्टेंबर. गणपती बसायला आठवडा राहिला होता. ती आली, ओट्यावर बसली आणि हातातली निळी फाइल माझ्यापुढे सरकवली. बी.ए., बी.एड., सीटीईटीचे (केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेचे) दोन्ही पेपर, अभियोग्यता चाचणीचे गुणपत्रक, सगळे कागद ओळीने लावलेले होते.

"सर, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर स्व-प्रमाणपत्र भरायचंय. पण पहिली ते पाचवी मला चालणार नाही म्हणतात. मग माझं बी.एड. पाण्यात गेलं का?"

मी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. भरतीचे वारे सुटले की आजूबाजूच्या गावांतली मुले-मुली कागद घेऊन माझ्याकडे येतात. तिचे प्रकरण मी तपशीलवार लिहितो आहे, कारण अशा पेचात ती एकटी नव्हती. शिवाय २०१९ साली "बी.एड. कर, आता दोन्हीकडे चालतं" असे तिला मीच सांगितले होते. हे लिहायला तिची परवानगी आहे. नाव-गाव देत नाही.

वकिलाला सनद मिळते, डॉक्टरला नोंदणी क्रमांक मिळतो. आपल्याकडे शिक्षकाला असा एकच कागद मिळत नाही. आधी पदविका किंवा पदवी, म्हणजे डी.एल.एड. (जुने डी.एड.) नाहीतर बी.एड. मग शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे राज्याची टीईटी किंवा केंद्राची सीटीईटी. मग अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, तिला सगळे 'टेट' म्हणतात आणि टीईटीशी तिची गल्लत करतात. त्यानंतर पवित्र पोर्टलवरचे स्व-प्रमाणपत्र, प्राधान्यक्रम, शिफारस, कागदपत्रांची पडताळणी, आणि शेवटी तीन वर्षे मानधनावर शिक्षणसेवक. एवढे झाल्यावर माणूस नियमित वेतनश्रेणीत येतो. सगळे एवढेच असते तरी ठीक होते. यातल्या पात्रतेच्या प्रत्येक कागदावर इयत्तांचा एक गट अदृश्य अक्षरांत लिहिलेला असतो. पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी-दहावी, अकरावी-बारावी. सगळ्या कागदांवर तोच गट असेल तरच नेमणुकीचा दरवाजा उघडतो. तिच्या फाइलीत कागद सगळे होते, पण ते एका गटाचे नव्हते.

फाइल कशी जमत गेली

२०१५ ला ती बारावी झाली. ५८ टक्के, कला शाखा. तेव्हाच डी.एड.ला जायचे तिच्या मनात होते. तिची आई अंगणवाडीत मदतनीस, त्यामुळे लहान मुलांत ती वाढलेली. पण वडिलांनी साफ नकार दिला. "डी.एड. करून घरी बसलेली पोरं गावात बोटावर मोजता येत नाहीत," असे ते म्हणाले, आणि त्यांचे चुकत नव्हते. २०१० ची शिक्षकभरतीची सीईटी झाली, त्यानंतर २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षकभरतीच थांबली. पुढची राज्यव्यापी चाचणी थेट डिसेंबर २०१७ ला झाली. मधल्या वर्षांत गावोगावची अध्यापक विद्यालये ओस पडली, कितीतरी बंद झाली. ज्या पदविकेसाठी एके काळी रांगा लागत, तिचे नाव काढले की लोक हात जोडत.

म्हणून तिने इतिहास घेऊन बी.ए. केले. २०१८ ला पदवी हाती आली आणि त्याच वर्षी २८ जूनला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची अधिसूचना निघाली. पदवीला ५० टक्के आणि बी.एड. असेल तर पहिली ते पाचवीलाही नेमणूक होऊ शकेल, मात्र नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पुरा करावा लागेल, असे त्यात म्हटले होते. त्यामागे केंद्रीय विद्यालय संगठनाची मागणी होती. त्यांना प्राथमिक वर्गांसाठी उमेदवारांचा साठा वाढवून हवा होता. केंद्रीय मंत्रालयाने सांगितले, परिषदेने नियम बदलला.

२०१९ ला ती विचारायला आली तेव्हा ही अधिसूचना माझ्या टेबलावर होती. मी ती वाचली होती आणि मला ती सोयीची वाटली. एका बी.एड.वर पहिलीपासून दहावीपर्यंत सगळे दरवाजे उघडतात, मग पुन्हा डी.एल.एड.कडे कशाला वळायचे, असे मी म्हणालो. नियम कागदावर आहे एवढे मी पाहिले. तो टिकेल का, तो लहान मुलांच्या हिताचा आहे का, हा विचार केला नाही. आयुष्यभर पहिली-दुसरीच्या वर्गात मागे बसून निरीक्षणे लिहिलेला मी माणूस, मला तरी तो सुचायला हवा होता.

तिचे बी.एड. २०१९ ते २०२१. पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन, सेतुपाठ, सराव पाठ व्यवस्थित झाले. दुसऱ्या वर्षीच्या आंतरवासितेला मात्र शाळा बंद होत्या. सोळा आठवडे वर्गात उभे राहून जे हाडीमासी भिनायचे, ते तिने मोबाइलवर केले. आठवीच्या मुलांना १८५७ चा उठाव फोनवरून शिकवला. अर्ध्या मुलांच्या घरात फोन नव्हता, उरलेल्यांच्या फोनला रेंज नव्हती. पहिलीच्या वर्गात ती त्या दोन वर्षांत एकदाही उभी राहिली नाही. बी.एड.मध्ये तशी अपेक्षाही नसते.

डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात झालेल्या सीटीईटीला ती दोन्ही पेपरांना बसली, पहिला पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. दीडशे गुण, दीडशे मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. पहिल्या पेपरला तिला ९६ मिळाले, दुसऱ्याला सामाजिक शास्त्र घेऊन ९१. अगदी काठावर, पण पास. पुढे फेब्रुवारी-मार्च २०२३ ला टेट झाली. त्यात २०० पैकी ११७.

या सगळ्यात एक तारीख आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली होती. तिने सीटीईटी दिली त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, राजस्थान उच्च न्यायालयाने २०१८ ची ती अधिसूचना बेकायदा ठरवली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. म्हणजे ती ज्या पायावर घर बांधत होती तो पाया तेव्हाच हललेला होता. राजस्थानचा निकाल माणमधल्या मुलीच्या कामाचा आहे, हे तिला कोण सांगणार? ते माझ्यासारख्याने सांगायचे असते.

११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानचा निकाल कायम केला. प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता नाही. त्यानंतर महिनाभराने ती माझ्या ओट्यावर होती.

निकालात काय आहे

तिने तो निकाल व्हॉट्सॲपवरच्या चार ओळींत वाचला होता. आम्ही तो निवांतपणे समजून घेतला, कारण निकाल का लागला हे कळल्याशिवाय पुढचा रस्ता कळणार नव्हता.

न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे. घटनेच्या कलम २१-अ ने सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आहे. हा हक्क नुसता शाळेत बसण्याचा नाही, चांगल्या शिक्षणाचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २३ नुसार शिक्षकाची किमान पात्रता ठरवायची ती याच हेतूने. बी.एड.चा अभ्यासक्रम माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांसाठी आखलेला आहे, लहान मुलांना कसे शिकवायचे हे त्यात नाही. ते डी.एल.एड.मध्ये आहे. बी.एड. ही 'वरची' पदवी आहे म्हणून ती खालच्या वर्गांना आपोआप चालेल, हा समज न्यायालयाने नाकारला.

ती गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "सर, पण मी दीड वर्षं तिसरीला शिकवतेच आहे की."

ती एका खासगी विनाअनुदानित शाळेत सात हजार रुपयांवर शिकवत होती. आमच्याकडे टीईटी-बीईटी काही लागत नाही, असे तिला तिथे सांगितले होते. हेही चूक आहे. कलम २३ ची पात्रता पहिली ते आठवीच्या विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. पण मी तो मुद्दा बाजूला ठेवला आणि तिला विचारले, की तिसरीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नसेल तर तू काय करतेस? "पुन्हा समजावून सांगते." पुन्हा नाही आली तर? "सरावाला उदाहरणं देते." त्याच्या चुकीचे मूळ दुसरीतल्या दशक-एककात असेल, तर ते शोधायचे कसे? ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मला वाईट वाटले. तिचा दोष दाखवायला मी विचारले नव्हते. तिला ते कुणी शिकवलेच नव्हते, एवढेच मला दाखवायचे होते.

माझे मत मी तिला तेव्हा सांगितले आणि आजही ते तेच आहे. निकाल बरोबर आहे. चूक २०१८ च्या अधिसूचनेची. मोठ्या संस्थेला उमेदवार कमी पडतात म्हणून सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षकाची पात्रता सैल करायची नसते. आणि चुकीच्या अधिसूचनेवर विसंबून ज्यांनी आयुष्याची चार-पाच वर्षे लावली, त्यांना वेळेवर सावध करण्याचे काम कुणीही केले नाही, याचा मला संताप येतो. नियम करणारे सुरक्षित राहिले, नियम पाळणारी मुलगी उघडी पडली.

हातात काय उरले

वहीवर चार रकाने पाडले.

सहावी ते आठवीची पात्रता तिच्याकडे पूर्ण होती. पदवी, बी.एड., सामाजिक शास्त्राचा दुसरा पेपर. पण जागा किती? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पाहिले की कळते. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशे वीसपर्यंत चार, अशी चढण आहे, आणि त्या शिक्षकांना विषयाची अट नाही. सहावी ते आठवीला मात्र विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा अशी विषयांची वाटणी आहे. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा चौथी-पाचवीलाच संपतात, काही सातवीपर्यंत जातात. पट लहान. शिवाय पदवीधर शिक्षकांच्या जागांवर सेवेत असलेल्या, पदवी मिळवलेल्या डी.एड. शिक्षकांनाही घेतले जाते. इतिहासाच्या पदवीधराला इथे उरणारी जागा फार अरुंद. गणित-विज्ञान असते तर चित्र जरा बरे दिसले असते.

नववी-दहावीला टीईटी लागत नाही. विषयाची पदवी, बी.एड. आणि टेटचे गुण पुरतात. पण ग्रामीण महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी संस्थांच्या हातात आहे. आमच्या जिल्ह्यात तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासूनची ती परंपरा आहे, आणि आमच्या पिढीतले निम्मे लोक तिच्या वसतिगृहांत शिकले. संस्थांच्या जागा पोर्टलवर दोन प्रकारे येतात, मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह. मुलाखतीसह असेल तर पोर्टलवरून नावे संस्थेकडे जातात, मग मुलाखत आणि पाठ. इथे स्पर्धा मोठी आणि इतिहासाच्या जागा मोजक्या.

तिसरा रकाना सेतू अभ्यासक्रमाचा होता. तो तिनेच लिहायला लावला. "सहा महिन्यांचा कोर्स केला की पहिली ते पाचवी चालतं म्हणे." असले निरोप गटागटांतून फिरत होते आणि काही ठिकाणी त्यासाठी पैसेही मागत होते. हा रकाना मी तिच्यासमोर खोडला. सेतू अभ्यासक्रम नेमणूक झालेल्यांसाठी होता, नेमणूक मिळवण्यासाठी नव्हता. पुढे ८ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला, त्यातही संरक्षण मिळाले ते ११ ऑगस्ट २०२३ च्या आधी नेमणूक झालेल्यांना. तिची नेमणूक झालेलीच नव्हती.

चौथा रकाना बराच वेळ रिकामा राहिला. मग मीच लिहिले : डी.एल.एड., दोन वर्षे.

ती उठली आणि काही न बोलता गेली. फाइल माझ्याकडेच राहिली.

पोर्टलचे सहा महिने

दोन दिवसांनी भावाला घेऊन परत आली. डी.एल.एड.चे नंतर बघू, आधी जे आहे त्यावर प्रयत्न करू, असे ठरले.

स्व-प्रमाणपत्राबद्दल थोडे सांगायला हवे, कारण याच टप्प्यावर चांगल्या गुणांची मुले बाद होतात. उमेदवार स्वतःची माहिती स्वतः भरतो आणि ती खरी असल्याचे प्रमाणित करतो. त्यावरून पोर्टल त्याला पात्र जागांचे पर्याय दाखवते. तपासणी होते ती शिफारस झाल्यावर. म्हणजे इथे एखादा रकाना चुकला तर तो सहा महिन्यांनी, जिल्हा परिषदेच्या टेबलावर, सगळी आशा उंच गेलेली असताना उघड होतो. आम्ही प्रत्येक गुणपत्रक समोर धरून भरले. पदवीचा मुख्य विषय, अध्यापनाच्या दोन पद्धती, उत्तीर्ण झाल्याची तारीख, दाखल्यावरचे नाव. तिच्या बारावीच्या गुणपत्रकावर वडिलांचे नाव एका अक्षराने वेगळे होते. त्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवले. लोक याला किरकोळ समजतात. पण पडताळणीच्या दिवशी नावातल्या एका वेलांटीसाठी लोकांना परत पाठवलेले मी पाहिले आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये २१,६७८ जागांच्या जाहिराती पोर्टलवर आल्या. तिने प्राधान्यक्रम लावले आणि लॉक केले. २५ फेब्रुवारीला ११,०८५ उमेदवारांची पहिली यादी लागली. रात्री उशिरा तिच्या भावाचा फोन आला. नाव नव्हते.

पुढे मुलाखतीसह जागांमध्ये एका संस्थेकडून बोलावणे आले. बोलावणे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका मध्यस्थाने भावाला फोन करून "तुमची तयारी किती?" असे विचारले. तो माणूस संस्थेचा होता की परस्पर दुकान मांडून बसलेला, हे आम्हाला कळले नाही. घरात त्या रात्री वाद झाला. शेत गहाण ठेवू, असे वडील म्हणत होते. त्यांच्यासमोर मी टीईटी घोटाळ्याची हकीगत ठेवली. जानेवारी २०२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात निघाले, आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांची नावे परीक्षा परिषदेने जाहीर करून त्यांना कायमचे बाद केले. त्यांत नोकरीला लागलेलेही होते. पैसे देऊन मिळालेला कागद कधी उलटेल याचा नेम नसतो, आणि तो उलटतो तेव्हा देणारा एकटा असतो. वडिलांना ती भाऊ म्हणते. ती स्वतःच म्हणाली, "भाऊंनी शेत गहाण ठेवायचं नाही. मी पाठ घेऊन येते, काय व्हायचं ते होईल." पाठ चांगला झाला असे ती म्हणाली. निवड दुसऱ्याची झाली.

त्यानंतर जूनमध्ये एका संध्याकाळी ती आली आणि वहीतला तो चौथा रकाना दाखवा म्हणाली.

पुन्हा विद्यार्थिनी

डी.एल.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के लागतात, तिला ५८ होते. जागा सहज मिळाली. वय सव्वीस, वर्गात सोबतच्या मुली अठरा-एकोणीसच्या. पहिले दोन महिने तिला फार जड गेले. लग्नाचे विषय निघत होते, सात हजारांची नोकरी सुटली होती. मी धीर देत होतो, पण माझ्याच सल्ल्याचे हे फळ आहे हे मला टोचत होते, आणि ते मी तिला बोलून दाखवले. ती म्हणाली, "सर, तेव्हा तुम्ही नसता सांगितलं तरी मी बी.एड.च केलं असतं. सगळेच करत होते." ती हे मला बरे वाटावे म्हणून म्हणाली असेल.

दुसऱ्या वर्षीची आंतरवासिता तिला दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मिळाली. पहिली-दुसरीचा जोडवर्ग. दर शनिवारी ती येऊन सांगायची, आणि त्या सांगण्यात हळूहळू फरक पडत गेला. एकदा तिने मला एका मुलाची पाटी दाखवली, मोबाइलवर फोटो काढून आणली होती. 'एकोणतीस' लिही म्हटल्यावर त्याने ३९ लिहिले होते. 'एकोणचाळीस'ला ४९. जुनी ती असती तर चूक म्हणून खोडून पुढे गेली असती. आता ती म्हणाली, "त्याचं चुकलेलं नाही सर. त्याला शब्दात तीस ऐकू येतंय, म्हणून तो तीन लिहितो. नऊ त्याला बरोबर कळलंय." मराठीतली ही अडचण खरी आहे. आपण अंक लिहितो दशकापासून आणि बोलतो एककापासून, त्यात 'एकोण' आले की मूल गोंधळते. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला! टीका करणाऱ्यांपैकी कितीजणांनी पहिलीच्या मुलाची पाटी पाहिली होती, मला ठाऊक नाही. तिने काड्यांचे गठ्ठे केले. दहाचा एक गठ्ठा, असे दोन, आणि सुट्या नऊ. मुलाने गठ्ठे मोजले, सुट्या मोजल्या, आणि पाटीवरचा तीन पुसून दोन केला.

माझ्या ओट्यावर दोन वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाशी ती थांबली होती, त्याचे उत्तर तिने हे दिले. मी तिला त्या दिवसाची आठवण करून दिली नाही. तिला असावी.

त्याच शाळेत आणखी एक गोष्ट घडली. तिथले मार्गदर्शक शिक्षक २००६ चे शिक्षणसेवक, टीईटीच्या आधीचे. १ सप्टेंबर २०२५ ला, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक राहिली आहेत त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे, नाहीतर सेवा सोडायची. पाचपेक्षा कमी राहिली असतील त्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. गुरुजींची पंधरा वर्षे बाकी. एकोणीस वर्षे पहिली-दुसरी शिकवलेल्या माणसाचे हात त्या आठवड्यात थरथरत होते, असे ती म्हणाली. शिकवता येत नाही अशी भीती नव्हती. २०२४ च्या टीईटीत शंभरातले पाचही पास झाले नव्हते, ती भीती होती.

मग साडेपाचला शाळा सुटली की दोघे व्हरांड्यात बसू लागले. ती त्यांचा बालमानसशास्त्राचा भाग घेई. पियाजेच्या अवस्था, वायगॉट्स्कीचा निकट विकासाचा टप्पा, तीस गुण. ते तिला जोडवर्ग कसा चालवायचा ते सांगत. पहिलीला काय देऊन दुसरीकडे वळायचे, पालक शेतावर गेले की मूल का झोपते, पाऊस आला की कुठल्या वस्तीवरची मुले येत नाहीत. २३ नोव्हेंबरला गुरुजींनी पेपर दिला. तिने त्यांच्यासाठी सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांची एक चवड झाली होती, ती त्यांनी पुढच्या गावातल्या शिक्षकाला दिली.

आता पुढे

फाइल अजून माझ्या कपाटात आहे. डी.एल.एड.चा निकाल लागला की तिचे गुणपत्रक त्यात बी.एड.च्या वर जाईल. मग तिने पहिल्या पेपरची परीक्षा पुन्हा द्यावी असे मी सांगितले आहे. सीटीईटीचे प्रमाणपत्र २०२१ च्या निर्णयानंतर आजीवन वैध आहे हे खरे, पण तिने तो पेपर दिला तेव्हा तिच्याकडे बी.एड.च होते. पडताळणीच्या टेबलावर कुणी त्यावर बोट ठेवले तर तिथे वाद घालून नोकरी मिळत नाही. एक परीक्षा जास्त दिलेली बरी. २०२५ च्या टेटला ती बी.एड.वर बसली होती, पुढची जाहीर होईल तेव्हा पुन्हा बसेल. निवड झाली तर तीन वर्षे शिक्षणसेवक. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला मानधन महिना १६,००० झाले आहे, आधी ते ६,००० होते.

तिचा धाकटा चुलतभाऊ यंदा बारावीला आहे. परवा दोघे मिळून आले. त्याला शिक्षक व्हायचे आहे. मी वही उघडली आणि त्याला विचारले, "कितवीला शिकवायचं आहे तुला?"

तो म्हणाला, "ते नंतर ठरवतो की, आधी ॲडमिशन घेतो."

मी काही बोलायच्या आत तिने वही स्वतःकडे ओढून घेतली, पेन काढले आणि त्याला शेजारी बसवले.